दोन बाटल्या, एक विहीर

दोन आकडे तंतोतंत जुळले की मला शिसारी येते. आता वय झालं, रक्त-लघवीच्या तपासण्या चालूच असतात. लॅबवाली बाई गुळगुळीत कागद हातात देते आणि मी पहिल्यांदा विचारतो, "ही बाटली माझीच कशावरून?" ती बिचारी गोंधळते. सून कपाळावर हात मारते. "बाबा, अख्खा जन्म तपासण्या करण्यातच गेला ना तुमचा, आणि तुमचाच विश्वास नाही?" अगं बाई, जन्म त्यात गेला म्हणूनच नाही.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट आहे. धाराशिवला तेव्हा कागदोपत्री उस्मानाबाद म्हणत. मी बी.एस्सी. होऊन पाणी तपासायच्या एका लॅबमध्ये नुकताच चिकटलो होतो. वडील बौद्ध झाले तेव्हा घरातला देव्हारा गेला आणि त्या फळीवर माझी पुस्तकं आली. त्या फळीच्या जोरावर मी पांढरा कोट अंगात घातला. आमच्या अख्ख्या बौद्धवाड्यात पगार घेणारा मी पहिला. त्या कोटाचा मला केवढा माज होता म्हणून सांगू!

लॅब म्हणजे दोन खोल्या, एक मोरी आणि एक साहेब. साहेबांच्या तोंडात कायम पान. पाणी मोजून घ्यायची काचेची नळी, पिपेट, तेव्हा तोंडानं ओढायची पद्धत होती. साहेब पान एका गालात सरकवायचे आणि त्याच तोंडानं पाणी ओढायचे. काचेवरून लाल ओघळ खाली यायचा. पाण्यातल्या क्षाराचं प्रमाण काढताना पिवळा रंग विटकरी झाला की थांबायचं असतं. साहेबांचं पाणी सुरुवातीलाच विटकरी! कंटाळा आला की ते रजिस्टरातलं मागच्या महिन्याचं पान उघडायचे, त्यातले आकडे थोडे इकडंतिकडं करून नव्या पानावर उतरवायचे आणि मोरीत पिंक टाकून घरी जायचे. त्या कागदावर गावंच्या गावं पाणी पीत होती.

मी मात्र नियमाचा. माझी पिपेट वेगळी, फडक्यात गुंडाळून कपाटात कुलूपबंद. बाटली आली की आधी चिठ्ठी बघायची. तपासणी आधी ऊर्ध्वपातित पाण्यावर करायची, म्हणजे रसायनातच काही खोट असली तर तिथंच कळते. मग नमुना. एकदा काढायचा, पुन्हा काढायचा. दोन्ही आकडे जवळपास आले तर खरं, नाहीतर सगळं ओतून देऊन पहिल्यापासून. कॉलेजात आमच्या सरांनी हे डोक्यात खिळ्यानं ठोकलं होतं. दोनदा काढून जुळला तो आकडा, बाकीच्या थापा. मी ते गाठ मारून ठेवलं होतं.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, ईट गावाच्या अलीकडं एका खेड्यात दिलेली. दाजी ऊसतोडीला खाली गेलेले, अक्का दुष्काळी कामावर खडी फोडायला. लग्नानंतर आठ वर्षांनी तिला लेक झाली होती, दोन महिन्यांची. गावाला एकच जिवंत विहीर उरली होती, गावविहीर. आमच्या लोकांनी तिथं पोहरा टाकायचा नाही. घागर खाली ठेवून काठावर उभं राहायचं, वरच्या कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. अक्का पहाटेपासून उन्हं तापेपर्यंत लेकीला कडेवर घेऊन तिथं उभी असायची. एक घागर मिळाली तर मिळाली.

त्या उन्हाळ्यात टंचाईच्या कामातून बौद्धवाड्यासाठी वेगळी विहीर खांदली. गावानं लई पुढाकार घेतला. का घेणार नाही? वाडा एकदाचा गावविहिरीवरून जाईल. विहीर खांदली ती वाड्याच्या खालच्या अंगाला. तिथं वरच्या आळीची सगळी मोरी येऊन मुरते आणि काठावरच गावाचे उकिरडे. पण पाणी लागलं. आता वापरायच्या आधी तपासून दाखला पाहिजे होता.

म्हणून एका सोमवारी तिथल्या ग्रामसेवकानं दोन बाटल्या आणून टेबलावर ठेवल्या. एकीवर चिठ्ठी 'गावविहीर', दुसरीवर 'बौद्धवाडा विहीर'. बुचं घट्ट, दोऱ्यानं बांधलेली, अक्षर मोत्यासारखं. इतर गावांतनं बाटल्या यायच्या त्यांना रॉकेलचा नाहीतर गावठीचा वास. मी ग्रामसेवकाला म्हणालोसुद्धा, "वा! सगळ्यांनी असं आणलं तर काय पाहिजे." तो हसला. "काम म्हणजे काम, साहेब." मला साहेब म्हणणारा तो पहिलाच माणूस. मी लगेच फुगलो.

अक्काचं गाव म्हणून मी त्या दोन बाटल्यांवर अख्खा दिवस घातला. जडपणा काढला, क्षार काढले, नायट्रेट काढलं. दोन्ही बाटल्या दोनदोनदा. ब्युरेट नावाच्या मोजनळीतली रेघ चारी वेळा त्याच जागी थांबली. नायट्रेटचा पिवळा रंगही दोन्हीकडं सारखाच, अगदी फिकट. मला इतका आनंद झाला की मी रजिस्टर घेऊन साहेबांकडं धावलो. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि पलीकडच्या खोलीतल्या लोकांना हाक मारली. "या, बघा! चार वेळा एकच आकडा. ह्याला म्हणतात हात!" मी लाजलो. दोन विहिरी, एक वरच्या अंगाला, दुसरी उकिरड्याखाली, आणि त्यांचं पाणी थेंबाथेंबाला सारखं कसं, एवढं साधं माझ्या शिकलेल्या टाळक्यात आलं नाही. एकाच खडकातलं पाणी असेल, म्हणून मीच माझी समजूत घातली. दोन्हीपुढं 'पिण्यास योग्य' लिहिलं, तपासणारा म्हणून खाली सही ठोकली. साहेबांनी न वाचता शिक्का मारला.

त्या शनिवारी कागदाची नक्कल खिशात घालून मी अक्काकडं गेलो. वाडा गोळा झाला. मी नक्कल मोठ्यानं वाचून दाखवली. म्हाताऱ्यांनी कागदाला हात लावून बघितला. अक्का तेवढी चुलीपाशी बसून म्हणाली,

"भाऊ, दोन दिस आणून बघितलं, पर हे पाणी मचूळ लागतंय रे."

"नव्या विहिरीचं असंच लागतं, अक्का."

"आन् डाळ शिजत न्हाय ह्याच्यात. गावविहिरीच्या पाण्यात ह्याच चुलीवर लोण्यावानी शिजायची. ह्याच्यात किती बी उकळ, दाणा दाणा वेगळा."

"रेशनची डाळ हाय ती. जुनी असंल."

"डाळ तीच हाय की."

"अक्का, जीभ खोटं बोलती, आकडा न्हाय बोलत. म्या सोता तपासलंय. चार वेळा. तू बिनघोर पी. लेकीसाठी लागलं तर उकळून घे, उकळल्यावर सगळं मरतं."

ती माझ्याकडं बघून हसली. धाकट्या भावाचं कौतुक होतं ते. म्हणाली, "तू म्हणतोस तर व्हय." दुसऱ्या दिवसापासून तिनं गावविहिरीवर जाणं बंद केलं. सगळ्या वाड्यानंच केलं. माझ्या सहीवर.

आजही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी वाटते. डाळ शिजत नाही म्हणजे पाणी जड. ही तपासणी आमच्या आया-बहिणी माझ्या ब्युरेटच्या कितीतरी आधीपासून करत आल्या. गावविहिरीत डाळ शिजते, ह्या विहिरीत शिजत नाही, आणि माझ्या रजिस्टरात दोन्हीचा जडपणा एकच! अक्कानं माझी चूक चुलीपाशी बसल्या बसल्या पकडून माझ्या हातात दिली होती. मी तिला रेशनच्या डाळीची अक्कल शिकवली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, त्यातला आंधळा मी.

खडी फोडून फोडून अक्काचं दूध आटलं होतं. लेकीला दुधाची भुकटी पाण्यात कालवून पाजायची, ती ह्याच विहिरीच्या पाण्यात. पंधरा-वीस दिवसांनी लॅबवर निरोप आला, पोरीचे ओठ निळे पडलेत, तालुक्याला दवाखान्यात नेलंय. मी मिळेल त्या गाडीनं गेलो. ओठ निळसर, नखं निळसर, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टर तरुण होता. त्यानं सुई टोचून कापसावर रक्ताचा थेंब घेतला. तांबडा नव्हता तो, काळपट होता. त्यानं थेंब दोनदा उजेडात धरून बघितला आणि अक्काला विचारलं,

"बाई, हिच्या दुधात पाणी कुठलं घालता?"

"आमच्या वाड्याच्या विहिरीचं."

"ते तपासलेलं आहे का?"

"व्हय डाक्टर," अक्का म्हणाली, आणि तिनं माझ्याकडं बोट केलं. "माझ्या ह्या भावानंच तपासलंय."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. "नायट्रेट काढलं होतं?" "काढलं होतं, अगदी कमी होतं," मी म्हणालो. "मग माझा काहीतरी घोटाळा होतोय," तो म्हणाला, "पण पाण्यात नायट्रेट जास्त असलं की तान्ह्या पोरांचं रक्त असंच काळवंडतं, पुस्तकात हेच लिहिलंय. आजपासून हिला दुसरं पाणी द्या." तो सभ्य माणूस होता, म्हणून घोटाळा त्यानं स्वतःवर घेतला.

मी तडक गाव गाठलं. वाड्याच्या विहिरीत पोहरा सोडला, त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळली, चौथ्यांदा भरून बूच लावलं. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ते पाणी आटवलं, आम्ल घातलं, अमोनिया सोडला. फिकट बिकट काही नाही, सरळ हळद! मी पातळ करून पुन्हा काढलं. पुन्हा हळद. जडपणा काढायला गेलो तर ब्युरेट रिकामी झाली तरी रंग पालटेना. मग मी रजिस्टर उघडलं. ते दोन आकडे शेजारीशेजारी बसले होते. सारखे, तंतोतंत, ज्यांच्यावर मला शाबासकी मिळाली होती. एकाच बाटलीतलं पाणी दोनदा काढलं तर आकडा असा जुळतो. दोन विहिरींचा कधीच जुळत नाही. मला मोरीपर्यंतही जाता आलं नाही, तिथंच कोपऱ्यात ओकलो.

साहेबांसमोर नवा आकडा ठेवला. "दाखला रद्द करा साहेब, आजच."

त्यांनी कागद बोटाच्या टोकानं दूर सारला. "हा नमुना भरला कुणी?"

"मी."

"तुला पत्र होतं? आदेश होता? तुझं नातं आहे तिथं. असा नमुना नियमात बसत नाही. तपासणीत शिस्त पाहिजे बाबा, शिस्त."

ज्या माणसाच्या पिपेटला पानाची लाळ लागलेली, तो मला शिस्त शिकवत होता! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मी म्हणालो, "साहेब, लेकरू निळं पडलंय." ते म्हणाले, "ग्रामसेवकानं लिहून द्यावं की पहिला नमुना चुकला. मग दुसरा मागवू, मग बघू." पिंक टाकली आणि पुढची फाईल ओढली.

मी कॅनभर पाणी घेऊन पुन्हा अक्काच्या गावी. चार दिवसांत पोर सुधारली होती, ओठ गुलाबी झाले होते. मी अक्काला कॅन दिला आणि बजावलं, "वाड्याच्या विहिरीचं पाणी लेकीला द्यायचं न्हाय. गावविहिरीचं आण." एवढं बोलून मी ग्रामसेवकाला शोधायला चावडीवर गेलो. चावडीच्या भिंतीवर माझा दाखला खळीनं चिकटवलेला होता. खाली माझी सही.

ग्रामसेवक खुर्चीवर दात कोरत बसला होता. मी सरळ विचारलं, "दुसरी बाटली कुठं भरली?"

त्याला लपवावंसं पण वाटलं नाही. "गावविहिरीवरच की. दोन्ही तिथंच भरल्या."

"चिठ्ठी तर बौद्धवाड्याची लावली तुम्ही!"

"अवो साहेब, त्या वाड्यात कोण जातंय? त्यांचा पोहरा, त्यांचा दोर धरून म्या पाणी शेंदायचं का? गाव काय म्हणंल? आन् पाणी म्हणजे पाणी. जमिनीखालनं सगळं एकच असतंय."

"जमिनीखालनं एकच असतंय तर वर दुसरी विहीर कशापायी खांदली हो?"

तो दात कोरायचा थांबला. मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. "तुमी त्यांच्यातले व्हय? मला काय मालूम. कोट बघून वाटलं न्हाय." आणि खुर्ची जरा मागं सरकवली. त्याला लाज वाटली ती माझ्याशी इतका वेळ बोलल्याची, बाटलीची नाही. मी म्हणालो, हे सगळं लिहून द्या. तो म्हणाला, "लिहून कशाला? कागद गेला की वर. तुमचीच सही हाय." थू असल्या जिंदगीवर! मी खरंच थुंकलो, चावडीच्या पायरीवर. त्यानं काय झालं? काही नाही.

भिंतीवरचा दाखला फाडायला गेलो तर चौघांनी हात धरले. सरकारी कागद आहे म्हणे. मला धरायला मात्र त्यांना विटाळ झाला नाही.

मी परत उस्मानाबादला आलो. वरच्या साहेबाला अर्ज, त्याच्या वरच्याला अर्ज. आठ दिवस मी दारं पुजली. प्रत्येक जण विचारायचा, अधिकृत नमुना कुठं आहे? तिकडं काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. अक्का घागर घेऊन गावविहिरीवर गेली तर वरून ओतणारे म्हणाले, "तुमच्या विहिरीचं पाणी चांगलं हाय, चावडीवर कागद लागलाय की. इथं कशाला झक मारायला येतीस?" ती म्हणाली, कागद चुकीचा हाय, माझा भाऊच म्हणतोय. ते हसले. "सही बी त्याचीच हाय न्हवं?" कॅन चार दिवसांत संपला. मग ती कोसभर चालून नदीच्या वाळूत झरा उकरून तांब्या तांब्या पाणी आणत राहिली. तिच्यासारखे शंभर जण तिथं उकरत होते. आठव्या दिवशी झऱ्यात नुसता चिखल लागला. लेकरू सकाळपासून टाहो फोडत होतं. अक्कानं दुपारपर्यंत वाट बघितली. शेवटी वाड्याच्या विहिरीचं पाणी घेतलं आणि भीती वाटली म्हणून भरपूर उकळलं. एकदा उकळून निववलं, पुन्हा उकळलं. उकळल्यावर सगळं मरतं, हे तिला तिच्या शिकलेल्या भावानं सांगितलं होतं.

नायट्रेट मरत नाही. पाणी उकळून आटतं तसं ते उलट वाढतं. हे मला ठाऊक होतं. तिला पाणी बदलायला सांगताना हे एक वाक्य सांगायचं राहिलं. मला ग्रामसेवकाला गाठायची घाई झाली होती.

संध्याकाळची गाडी यायच्या आत, गावाच्या फाट्यावरच, अक्काच्या मांडीवर पोर गेली.

मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. त्यानंतर पंधरा दिवसांत आदेश निघाला, अधिकृत नमुना आला. साहेबांनी स्वतःच्या हातानं रजिस्टरात लिहिलं, 'दुबार तपासणीत तफावत आढळली'. तफावत! त्या शब्दाची मला अजून किळस येते. ग्रामसेवकाची बदली सुद्धा झाली नाही.

पोर गेल्यावर मी पोचलो त्या दिवशी अक्काच्या घरी भिंतीला टेकून बसलो होतो. अक्का रडत नव्हती. तिनं मला शिवीही दिली नाही. देती तर बरं झालं असतं. दिवसभराच्या उन्हानं माझ्या घशाला कोरड पडली होती. मी म्हणालो, "अक्का, पाणी दे गं जरा."

ती उठली. दारातल्या घागरीतनं तांब्या बुडवला, पदरानं बूड पुसलं आणि माझ्यापुढं धरला.

"घे, पी," म्हणाली. "तपासलेलं हाय."

मी तांब्या तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत प्यालो. पाणी मचूळ होतं.